दोष रेघेचा नाही

लहान मुलांना छापील चित्रे रंगवायला देऊ नका, असे आता बालशिक्षणाच्या प्रशिक्षणांतून वरचेवर सांगितले जाते. कोरा कागद द्या, रंग द्या आणि बाजूला व्हा. मूल आपले आपण उमलेल. सांगणाऱ्यांची तळमळ खरी असते, म्हणूनच गावोगावच्या ताई ते निमूटपणे वहीत उतरवून घेतात. मग कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडकडच्या एखाद्या अंगणवाडीत कपाटातली छापील चित्रांची पाने मागे सरकतात. अळंबीच्या छत्रीखाली थाटलेले घर, त्याला नखाएवढे दार, पायरीवर विसावलेली गोगलगाय, गवताच्या पात्यावर झोका घेणारी मुंगी, अळूचे पान डोक्यावर धरून उभा असलेला बेडूक. ही चित्रे मुलांच्या कल्पनेला मारतात, असा त्यांच्यावर ठपका आहे. मला तो मान्य नाही.

विरोधकांचे म्हणणे आधी त्यांच्याच ताकदीने मांडते. व्हिक्टर लोवेनफेल्ड हा ऑस्ट्रियात जन्मलेला कलाशिक्षक. व्हिएन्नात तो अंध मुलांना शिकवत असे. १९३८ साली नाझींमुळे त्याला देश सोडावा लागला, पुढे तो अमेरिकेत स्थिरावला आणि १९४७ मध्ये त्याचे ‘क्रिएटिव्ह अँड मेंटल ग्रोथ’ हे पुस्तक आले. रंगभरणाच्या पुस्तकांवर त्यात कडक टीका आहे. त्यातले एक उदाहरण एकदा पाहिले की विसरता येत नाही. आधी मुलाने स्वतःच्या हाताने काढलेला पक्षी, मग पुस्तिकेतला छापील पक्षी, आणि ती पुस्तिका भरून झाल्यावर त्याच मुलाच्या हातून उतरलेले पक्षी, सगळे पुस्तिकेतल्यासारखे. माणसे एका साच्यात बसवू पाहणारी राजवट जवळून पाहिलेल्या माणसाला साचा दिसला की धास्ती वाटणारच. सेवाग्रामला गांधीजींच्या नई तालीमच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या देवीप्रसादांचाही भर मुलाच्या स्वतःच्या अभिव्यक्तीवर होता. ही माणसे मोठी होती आणि मुलांवर त्यांचे प्रेम होते. त्यांच्या धास्तीला मी हलके लेखत नाही. माझे भांडण त्या धास्तीतून काढलेल्या निष्कर्षाशी आहे.

कोरा कागद खरोखर कोरा असतो का? महाराष्ट्रातल्या कुठल्याही दुसरी-तिसरीच्या वर्गात जा, पांढरे कागद वाटा आणि ‘निसर्गचित्र काढा’ एवढेच म्हणा. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या खाचेतून डोकावणारा अर्धा सूर्य, त्याला टोकदार किरण, डोंगरातून निघून खाली रुंद होत जाणारी नदी, काठावर झोपडी, झोपडीशेजारी नारळ, आभाळात दोन-दोन कमानींचे पक्षी. सोलापूरचे मूल हेच काढते, नागपूरचे हेच काढते आणि चंदगडचेही हेच काढते. इकडचे बरेचसे डोंगर माथ्यावर सपाट असतात, जांभ्या दगडाचे सडे असतात. जूनपासून पुढे सूर्याचे तोंड दिवसच्या दिवस दिसत नाही. इथली ताम्रपर्णी नदी काही त्रिकोणाच्या खाचेतून उगवत नाही. तरीही त्या मुलाच्या कागदावर तोच अर्धा सूर्य येतो. हे चित्र त्याला कोणत्या रंगभरणाच्या पुस्तकाने शिकवले? कोणत्याच नाही. थोरल्या भावाच्या वहीतून, फळ्यावरून, शाळेच्या भिंतीवरून ते उतरले, आणि कोरा कागद देऊन बाजूला झालेल्या मोठ्या माणसाने ते उतरू दिले. ज्याला आपण मोकळीक म्हणालो, तिच्यातून महाराष्ट्रातला सगळ्यात घट्ट साचा निपजला आहे. मूल बाहेर पाहत नाही, त्याच्याबरोबर बाहेर पाहणारे कुणी नसते, म्हणून तो साचा टिकतो.

मग छापील रेघेवरच राग का? आपल्याकडे तर दुसऱ्याने घालून दिलेल्या रेघेत रंग भरत भरतच हात तयार झाले. पंधरा ते आठ ठिपक्यांची रांगोळी आई घालते, रेघा आई जोडते, आणि शेजारी उकिडवी बसलेली मुलगी पाकळ्यांत रंग भरते. रंग रेघेबाहेर सांडतो, आई बोटाने तो आत ओढते, नाहीतर तिथेच एक पान वाढवून टाकते. भोकांचा कागद ठेवून ठिपके पाडणाऱ्या बायकांच्या हाताला पुढे नवे काही सुचले नाही, असे कोण म्हणेल? दिवाळीत त्याच मुलीने एकही ठिपका न देता हातभर मोर काढलेला आपण पाहतो. गणपतीच्या कारखान्यातली पोरे साच्यातून निघालेल्या मूर्तींना पीतांबराचा पिवळा देतात; डोळ्यांची आखणी जाणत्या हाताकडे राहते, आणि तो हात पाहत पाहतच पुढचा आखणी करणारा घडतो. दिवाळीतला किल्ला घ्या. त्याच्याइतका नटवा, छोटेखानी निसर्गदेखावा जगात फार थोड्या ठिकाणची मुले करत असतील. तांबड्या मातीचा डोंगर, हळीव पेरून उगवलेले रान, आरशाचे किंवा ताटलीतले तळे, गेरू-चुन्याने रंगवलेला बुरूज, आणि बाजारातून आणलेले साच्यातले मावळे. मावळे विकतचे आहेत म्हणून किल्ल्यातली कल्पना मेली, असे आजवर कुणी म्हटलेले नाही. उलट ज्या तालुक्यात पारगड उभा आहे, ज्याची किल्लेदारी तानाजी मालुसऱ्यांच्या रायबाकडे होती, तिथल्या मुलाला त्या विकतच्या मावळ्याला कुठल्या दरवाजावर उभे करायचे हे ठरवायला पुरेसे काम असते.

विरोधक म्हणतील, किल्ला मुले स्वतः रचतात, पान तर आयते मिळते. बरोबर. पण वयाचे काय? तीन-साडेतीन वर्षांचे मूल माणूस काढते तेव्हा डोक्यालाच पाय फुटतात. जगभर असेच होते, त्यात कमीपणा काही नाही. मला ती चित्रे अतिशय आवडतात आणि ती काढायला मुलाला रोज कोरा कागद मिळाला पाहिजे. मात्र त्याच मुलाचे डोळे त्याच्या हाताच्या कितीतरी पुढे गेलेले असतात. गोगलगाईच्या पाठीवरचा वळसा त्याला दिसतो, तो हवाहवासा वाटतो, हाताला मात्र अजून जमत नाही. ज्या जगात त्याला शिरायचे आहे त्याचे दार रेघेने कुणीतरी उघडून दिले, तर ते मूल आत जाते आणि गोगलगाईला जांभळी करते, अळंबीच्या दाराला कुलूप काढते, बेडकाच्या बाजूला स्वतःचा तो डोक्याला पाय फुटलेला माणूस उभा करते. छापील पानावर मुलाने स्वतःचे काही काढले की काही ताई ‘ते पुसून टाक’ म्हणतात. ती चूक सुधारायची असेल तर ताईंशी बोला. पान फाडून ती सुधारत नाही.

या सगळ्या वादात एक गोष्ट मला सतत खुपते. भांडणारे दोन्ही पक्ष कागदाकडेच पाहतात. कागद कोरा की छापील, एवढाच प्रश्न. त्या कागदाशी बसले आहे कोण, हे कुणी विचारत नाही. मूल जे एकट्याने करू शकत नाही ते जाणत्या माणसाच्या सोबतीने करू शकते आणि उद्या तेच एकट्याने करते, हे मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगोत्स्कीने जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीच्या रशियात मांडले. आपल्या आज्यांना ते त्याच्याही आधीपासून ठाऊक होते. पान देऊन सेविका पोषण आहाराच्या नोंदी करायला गेली, तर ते पान मुलाला गप्प बसवण्याचे साधन होते. कोरा कागद देऊन ती नोंदी करायला गेली, तर तोही तेच होतो. दोन्ही ठिकाणी मूल एकटे असते.

आता ती त्याच चटईवर बसली, दुसरा खडू तिने हातात घेतला आणि चित्राचा एक कोपरा स्वतः रंगवू लागली, तर काय होते ते पाहा. हात कामात असले की मूल बोलते. समोरासमोर बसवून प्रश्न विचारले की ते ओठ मिटते. चंदगडच्या मुलाची घरची बोली वेगळी, तिच्यात कोकणीचा नाद आहे, बेळगावकडचे शब्द आहेत. पाठ्यपुस्तकाची भाषा कानावर पडली की ते बिचकते. रंगवता रंगवता मात्र घरचीच भाषा येते, न बोलावता येते. गोगलगाईला डोळे कुठे? शिंगांच्या टोकाला. बोट लावले की शिंग आत जाते, हे त्याने परसात करून पाहिलेले असते. चित्रात हसरा हत्ती असला तर गोष्ट आणखी लांबते. २००२ पासून कर्नाटकातून आलेले हत्ती दोडामार्ग-चंदगडच्या पट्ट्यात वावरत आहेत. ज्या घराच्या केळी आणि ऊस हत्तीने मोडला, त्या घरातले चार वर्षांचे मूल इवल्याशा हसऱ्या हत्तीला रंग देताना काय बोलेल, हे शहरात बसून अभ्यासक्रम आखणाऱ्याला सुचणार नाही. ते कदाचित हत्तीला काळाकुट्ट करेल, कदाचित त्याला उसाचे कांडे काढून देईल. दोन्ही वेळा शेजारी बसलेल्या माणसाला त्या मुलाच्या घरात डोकावता येते. माझ्या लेखी रंगभरणाचे खरे फळ हे बोलणे आहे.

दुसरा आक्षेप कल्पनेच्या बाजूने येत नाही, मातीच्या बाजूने येतो, आणि तो मला अधिक जवळचा आहे. ही चित्रे परकी आहेत, असे काही जण म्हणतात. लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेली ती अळंबी थंड देशांत बर्च आणि पाइनच्या झाडांखाली उगवते, विषारी असते, आणि युरोपच्या परीकथांतून ती सगळ्या जगाच्या बालपुस्तकांत पसरली. आपल्या मुलांनी ती का रंगवावी? प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर पाने बंद करणे हे नाही. तारा मोडकांपुढे हाच प्रश्न होता. १९२६ साली त्यांनी आणि गिजुभाई बधेकांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला ताराबाईंनी अनुताई वाघांसह आदिवासी मुलांसाठी काम केले. माँटेसरीची महागडी, परदेशी घाटाची साधने तिथे परवडणारी नव्हती आणि शोभणारीही नव्हती. त्यांनी माँटेसरी फेकून दिली नाही. शंख-शिंपले, बिया, खडे, पाने, जे आसपास मिळते त्याची साधने केली. आपल्याला तेच करायचे आहे. एक काळे पेन, एक पांढरा कागद, गावातले झेरॉक्सचे दुकान. वारूळ काढा, त्यावर अळंब्या काढा, शेवाळलेला चिरा काढा, त्याच्या फटीत खेकडा, कडेला मृगाचा मखमली किडा, काजूच्या झाडाची एक वाकलेली फांदी.

आणि हे काढताना एक मोठी गंमत हाताशी लागते. वारुळावरच्या अळंबीखाली घर असते, हे अक्षरशः खरे आहे. वाळवी वारुळाच्या पोटात बुरशीची शेती करते. पालापाचोळा, लाकूड चावून आत नेते, त्यावर बुरशी वाढवते, तीच खाते. आणि पावसाने जमीन भिजली की त्याच बुरशीच्या छत्र्या वर येतात, ज्या आपण टोपलीत घालून घरी आणतो आणि कालवणात घालतो. खोल्या, वाटा, हवा खेळती ठेवणारी भुयारे, राणी, कामकरी, सगळे त्या छत्रीच्या खाली असते. छत्रीला दार काढणारा चित्रकार कल्पनेत जितका शिरला, त्याहून वाळवी पुढे गेली आहे. रात्री हिरवट उजेड देणाऱ्या बुरशीच्या काड्या गोव्याच्या म्हादईच्या जंगलात पावसाळ्यात दिसतात. मलबारी उडता बेडूक बोटांमधले पडदे ताणून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर झेपावतो, पाण्यावर झुकलेल्या फांदीला फेसाचे घरटे करून अंडी घालतो, आणि पिल्ले त्या घरट्यातून थेट खालच्या पाण्यात पडतात. हे ज्या मुलाच्या शिवाराला लागून घडते, त्याला नटवे, लहरी चित्र देऊ नका, वास्तव द्या, असे सांगणाऱ्यांनी आधी इथले वास्तव एकदा पाऊसभर पाहावे. शासनाने चंदगडचे सव्वादोनशे चौरस किलोमीटर जंगल संवर्धन राखीव म्हणून जाहीर केले आहे. ते जंगल पुढे राखायचे कुणी? ज्याला त्यातल्या चिमुकल्या जिवांचा लळा लहानपणी लागला, तोच राखेल. वाघाच्या भीतीतून किंवा हत्तीच्या रागातून हा लळा लागत नाही. तो गुडघ्याच्या उंचीवर लागतो, जिथे तीन वर्षांच्या मुलाचे डोळे असतात.

आता ज्याच्यावर खरा राग यायला हवा त्याकडे येते. रंगभरण स्पर्धा. सहा वर्षांखालच्या मुलांच्या रंगभरण स्पर्धा बंद व्हायला हव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि इथे मी लोवेनफेल्डच्या बाजूला उभी आहे. मंडळे भरवतात, शाळा भरवतात, दुकाने भरवतात. रेघेबाहेर गेले की गुण वजा, पान हिरवे नसले की गुण वजा, कोपरा रिकामा राहिला की गुण वजा. परीक्षकाने बेडूक हिरवा ठरवलेला असतो. त्याच मलबारी उडत्या बेडकाच्या बोटांमधले पडदे लालसर नारिंगी असतात. २००९ मध्ये शास्त्राने नव्याने नोंदवलेल्या आंबोलीच्या भेकाच्या अंगावर वाघासारखे पट्टे आहेत, म्हणून त्याच्या शास्त्रीय नावातच वाघ आला. २०१६ मध्ये पश्चिम घाटातून गोड्या पाण्यातले पाच नवे खेकडे नोंदवले गेले, त्यांत जांभळ्या-नारिंगी रंगाचे होते. ज्या मुलाने खेकडा जांभळा केला आणि ज्याचा नंबर गेला, त्याच्यापाशी परीक्षकापेक्षा अधिक माहिती असू शकते. नंबर गेल्यावर ते मूल पुढच्या वेळी खेकडा तपकिरी करते. लोवेनफेल्डच्या उदाहरणातले साचेबंद पक्षी माझ्या मते असे तयार होतात. रेघ मुलाला काहीच म्हणत नाही. गुण देणारा माणूस म्हणतो.

एक बचाव मात्र मला नको आहे. रंगभरणाने बोटांचे स्नायू घट्ट होतात, पेन्सिल धरता येते, अक्षर सुधारते, असे सांगून पुष्कळ जण या पानांची वकिली करतात. असेलही. पण हे मान्य केले की रंगवणे ही लिहिण्याची पूर्वतयारी उरते आणि लिहिता येऊ लागले की ते सुटते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षांचा टप्पा पायाभूत म्हणून वेगळा काढला, त्यात खेळाला मध्यभागी ठेवले. तरीही तालुक्यात नवनव्या केजी उघडतात आणि तीन वर्षांच्या मुलाच्या हाती चौकटीची वही येते. आईबाप विचारतात, नुसते रंगवून काय होणार, एबीसीडी कधी येणार? त्यांच्या काळजीमागे बेळगाव आणि कोल्हापूरच्या नोकऱ्यांची स्पर्धा आहे, हे मला कळते. त्यांना मी अक्षर सुधारेल असे आमिष दाखवणार नाही. मुलाला जवळ घेऊन बसायचे, त्याच्याबरोबर एखादी लहानशी गोष्ट डोळे भरून पाहायची आणि ती रंगाने आपली करायची, हे स्वतःच करण्यासारखे काम आहे. त्याला दुसऱ्या कामाची शिफारस लागत नाही.

शेवटचा आक्षेप वेळेचा, आणि तो कष्टकरी बायकांकडून येतो, त्यामुळे त्याला उत्तर देणे भागच आहे. काजूच्या कारखान्यात दिवसभर गर सोलून आलेल्या आईने, लावणीच्या दिवसांत कंबर मोडेपर्यंत वाकून आलेल्या आईने संध्याकाळी चटईवर बसून बेडूक रंगवायचा कधी? तिने बसलेच पाहिजे असे नाही. आजी बसू शकते. कोणत्या वारुळावरची अळंबी खायची आणि कोणती नाही हे तिच्याइतके घरात कुणालाच ठाऊक नसते. चौथीतली बहीण बसू शकते. कामावरून आलेला बाप बसू शकतो, आणि त्याने बसावेच. अंगणवाडीत सेविकेला नोंदींच्या ओझ्यातून अर्धा तास मोकळा करून देणे हे शासनाचे काम आहे, ते मागितले पाहिजे. पान एका बैठकीत पुरे करायचे असा नियम मुलांनी केलेला नाही. मंगळवारी गोगलगाय झाली, शुक्रवारी पाऊस लागला म्हणून खेकडा झाला, पुढच्या आठवड्यात अळंबी आणायला रानात जाऊन आल्यावर वारूळ झाले, आणि दार कुठल्या रंगाचे यावर आजी-नातवाचे एकमत होईना म्हणून ते तसेच राहिले, तरी पान चांगलेच झाले.